तळमजल्यावरचा मोगरा

"वास येतोय ना? खरं सांग हं!"

सकाळी आमच्या वाशीच्या सोसायटीत बेल वाजली की दारात हे काका. ओंजळीत पांढरी फुलं, आणि ओंजळ थेट आपल्या नाकाखाली. बेलापूरच्या कचेरीतून रिटायर झालेला, जन्मात रोप न लावलेला माणूस. हातगाडीवाल्याकडून आणलेला मोगरा त्यांनी तळमजल्यावर, खिडकीखालच्या कुंडीत वाढवला होता.

मोगरा कसला! डबल तगर होती ती. दिसायला मोगऱ्याची बहीण, वास नावालाही नाही. पण मंडळी, ओंजळीमागचा तो चेहरा बघितला असता, तर तुम्हीही माझ्यासारखेच डोळे मिटून म्हणाला असता, "वा काका! घमघमाट!" सगळ्या बिल्डिंगनं माझीच री ओढली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर गजरा करून माळला.

एकदा काकांनी मला जिन्यात बाजूला घेतलं. "मला येत नाही रे. वर कोणी बोंबील तळले तरी कळतात. मग माझंच फूल तेवढं का नाही? मागच्या तापात नाक बिघडलं वाटतं."

डॉक्टर म्हणाला, नाक उत्तम. काका आणखीच गोंधळले. खिडकीत बसून लिंबू हुंगायचे, खोबरेल हुंगायचे. फुलं वाटणंही थांबलं. आता खरं सांगावं, तर अख्खी बिल्डिंग खोटी!

शेवटी मी नर्सरीतून खरा मोगरा आणला, कळ्यांनी लगडलेला. दुपारी काका घोरत असताना त्याच कुंडीत, तगरीच्या पोटात लावून टाकला.

दोन-तीन दिवसांत सकाळी घरोघर बेल वाजली. "आला! अरे, वास आला! आणि रोप बघ किती दाट झालंय. चहाचा चोथा लागू पडला!"

वहिनींनी ओंजळ हुंगली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. मी छताकडे.

पुढे काका मुलीकडे कळंबोलीला राहायला गेले. कुंडी आम्हाला ठेवली. जाताना फक्त एक फांदी कापून ओल्या रुमालात गुंडाळून नेली. ती कशाची होती, ते बघायचं मला सुचलं नाही.

काल त्यांचा फोन आला. "फांदी जगली रे, फुललीसुद्धा. इथे ट्रकच्या डिझेलचा वास येतो, पण फुलाचा नाही. पोरगी म्हणते, येतो. नाक परत गेलं बघ माझं."

आज कळंबोलीच्या बसमध्ये बसलोय. मांडीवर मोगऱ्याचं रोप आहे. काका दुपारी कधी झोपतात, तेवढं मुलीला विचारून घेतलंय.