गच्चीवरची साक्ष

गादी अर्धी खोळीत शिरली होती आणि अर्धी बाहेर लोळत होती, तेवढ्यात कडी वाजली. वहिनींनी दातात धरलेलं खोळीचं टोक सोडलं आणि कपाळावर हात मारला. पुन्हा लष्कर!

या लोकांनी घराची धर्मशाळा करून टाकली होती. पहिल्यांदा आले ते नुसते विचारायला. दुसऱ्यांदा गच्चीवर दोऱ्या बांधून मोजमापं घेतली आणि जाताना कुलूप ठोकून गेले. तेव्हापासून अख्ख्या इमारतीचे ओले कपडे जिन्याच्या कठड्यावर, आणि त्या कुबट वासाबद्दलची बोलणी वहिनींना.

इमारतीत सगळ्यांच्याच त्या वहिनी. कुणाचं बाळ सांभाळायचंय, कुणाची किल्ली हरवलीय, की "वहिनी आहेत ना!" लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, बाहेरच्या माणसाशी बोलायचं ते मामंजींनीच. मग तो दूधवाला असो की कलेक्टर. सासूबाई गेल्या, वहिनींचे केस पिकले, तरी नियम तोच. वहिनींचं त्याबद्दल काही म्हणणंही नसे. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जायचं आणि आभाळाकडे बघून देवाशी दोन शब्द बोलायचे, एवढंच काय ते त्यांचं स्वतःचं.

हे सगळं सुरू झालं त्या दिवशीही चादरीची घडी घालत उभ्या होत्या. पाण्याच्या टाकीच्या वर काहीतरी दिसलं. लांबट, राखाडी. ना आवाज, ना दिवा. जरा थबकलं, मग तिरपं वर चढलं आणि नाहीसं झालं. त्यांनी खाली येऊन मामंजींना सांगितलं. मामंजी नुकतेच झोपेतून उठले होते. "हं," म्हणाले.

विमानतळावरच्यांनाही काही दिसलं असावं, कारण लगेच चौकशी सुरू झाली. बोलायचा मान मामंजींचा. त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं, "मी स्वतः पाहिलं. नारंगी, ताटासारखं गोल, भोवती ठिणग्या!" इमारतीतली सगळी भांडणं मिटवणारा हा माणूस, त्याचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? शेजारच्या शिंपीणकाकूंनीही नारंगी पाहिलं. तळमजल्यावरच्या घड्याळवाल्यांना समोरचा माणूस ओळखू येत नाही, पण ठिणग्या त्यांनाही दिसल्या.

"इतक्या साक्षी शब्दाला शब्द जुळलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत," आज तिसऱ्यांदा आलेले मेजर खुर्चीत टेकत म्हणाले. "मामला गंभीर आहे. आजोबांना मुख्यालयात न्यावं लागेल. काही दिवस राहावं लागेल."

मामंजींचा चेहरा पडला. गेल्याच महिन्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलेलं.

"त्यांची तब्येत नाजूक आहे हो," दारातून शिंपीणकाकू म्हणाल्या.

"गाडीत डॉक्टर आहे."

आता तरी हा माणूस खरं बोलेल, म्हणून वहिनी वाट बघत राहिल्या. मामंजी खाकरले. "सूनबाई, माझी पिशवी भर."

वहिनींचं डोकंच फिरलं. जीव गेला तरी बेहत्तर, पण शब्द मागे घेणार नाही!

"कुठं निघालात? झोपला होतात तुम्ही!" त्या कडाडल्या. "देवाला सगळं दिसतं, पण तो काही साक्षीला येत नाही. गच्चीवर मी होते. मी पाहिलंय."

मेजरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रंग नारंगी?"

"राखाडी."

"गोल?"

"लांबट."

"आणि ठिणग्या?"

"ठिणग्या आता माझ्या डोक्यातून निघताहेत!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंत कुठं? दोन्ही वेळा मी चहा घेऊन समोर उभी होते. तुम्ही म्हणालात, ट्रे तिकडे ठेवा."

मेजरांनी दाराकडे मान वळवली. "काय हो, तुम्ही तर नारंगी म्हणाला होतात?"

"मला मेलीला रंगातलं काय कळतंय!" जन्मभर कापडाला धागा जुळवत आलेल्या शिंपीणकाकू म्हणाल्या आणि दारातून दिसेनाशा झाल्या.

"मग ते होतं तरी काय?" मेजर हताश झाले.

"ते शोधायला सरकारनं तुम्हाला ठेवलंय ना? जेवढं दिसलं तेवढं मी सांगितलं. त्यात माझ्या पदरचं काही घालणार नाही."

मामंजी चष्मा पुसत बसले होते. पुसून झाला तरी पुसतच होते. "चारचौघांत बोललीस," ते पुटपुटले.

"घरात सांगितलं होतं, तेव्हा 'हं' म्हणालात," वहिनी म्हणाल्या. पण आवाज उतरला होता. त्यांनी मामंजींच्या पाठीमागे उशी सरकवली. मामंजींनी ती काढून टाकली. वहिनींनी पुन्हा ठेवली. या खेपेला ती राहिली.

मेजर उठले. "आजोबांना आता यायची गरज नाही. तुम्हाला मात्र उद्या मुख्यालयात यावं लागेल. ओळखपत्राच्या प्रती आणा. बाकी सगळ्यांच्या साक्षी पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे परत येणार तुम्ही?"

"यावंच लागेल."

"अरे देवा!"

ते जिना उतरून गेले. वहिनींनी कपाटातून ओळखपत्र काढलं, चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद व्हायच्या आत प्रती काढायला निघाल्या.