जुळ्यातलं एक

फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. पलीकडून दाजी ओरडले, “ताईला झटके आल्यात गं, रक्त थांबंना!” जुडी तिथंच टाकून मी जीप गाठली. पुण्याला पोचेपर्यंत माझी सारिकाताई गेली होती... सातव्या महिन्यात पोट फाडून काढलेली तिची लेक काचेच्या पेटीत हातपाय झाडत होती आणि ताईचे चुलत दीर दवाखान्याच्या दाराची काच लाथेनं फोडत होते. ज्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यापासून बजावलं होतं, त्यांच्याच अंगावर हे धावून गेले.

ताई वरवंडला दिलेली. बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले. दौंडच्या सोनोग्राफीत दोन दिसतात म्हटल्यावर सासूबाईंनी गावभर पेढे वाटले, ओटीही दोनदा भरली. दोन नारळ, दोन खण. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट बघून सांगितलं, बाळ एकच आहे. दुसरा गर्भ बाळ झालेलाच नाही, द्राक्षाच्या घडासारखा नुसता फुगत चाललाय. त्यानं बीपी चढेल, झटके येतील, रक्तस्राव होऊन जीव जाईल. पिशवी मोकळी करणंच बरं.

“पर एक चांगलं हाय न्हवं?” ताईनं विचारलं.

“सध्या तरी आहे.”

“मग ठिवायचं.”

घरी आल्यावर मी संतापून म्हणाले, “मरशील गं!” तिनं तांब्या फेकून मारला. माझं कपाळ वाचलं, भिंतीचा पोपडा उडाला. लहानपणापासून ती तशीच. मला मारणाऱ्या पोराला तिनं रक्त येईपर्यंत चावलं होतं, आणि भोकाड मात्र मी पसरलं होतं. पुढं दर आठवड्याला बीपी, रक्त, सोनोग्राफी. पाय सुजले, उलट्यांनी घसा सोलून निघाला. सासूबाई तरीही दोन-दोन दुपटी शिवत होत्या. “देवानं दोन दिल्यात, डॉक्टरला काय कळतंय?” म्हणायच्या. ताई हसायची, “शिवू द्या. एक वलं झाल्यावर दुसरं लागंलच की.”

त्याच सासूबाई ताई गेल्यावर म्हणाल्या, “दुसऱ्यानं आई खाल्ली. आता ती लेकराला न्यायला यील.” बाळंतपणात गेलेली बाई परत येते म्हणून तिरडीमागं मोहरी उधळली. तिच्या खोलीच्या उंबऱ्यात हातभर लोखंडी खिळा ठोकला. प्रत्येक घाव माझ्या छातीत बसत होता. मी शिव्या देत हातोडा हिसकायला धावले. तिघींनी मला आवळून धरलं, ओढाताणीत माझ्या बांगड्या फुटून मनगट चिरलं. फार राग आला होता मला, अजूनही आहे.

परवा पोर दवाखान्यातून घरी आली. दाजी तिला घेऊन खोलीच्या दाराशी आले आणि थबकले... मग पोर माझ्याकडं दिली, पहार आणली, उंबऱ्यावर पाय रोवला आणि खिळा उपटला. लाकडाची ढलपीच निघाली.

सासूबाई किंचाळल्या, “आरं, ती यील ना!”

“यिऊ दे,” दाजी म्हणाले. “तिनं लेक बघितलीच न्हाई अजून.”