कार्डाची मागची बाजू

टेकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्यांच्याकडे इंग्रजीतलं ‘टेक’ हे एकच क्रियापद सोपवलं होतं आणि सहा वर्षं ते हात धुऊन त्याच्या मागे लागले होते, म्हणून टेकराव. तेवढ्या वेळात शेजारच्या टेबलावरच्यांनी दोन अख्खी अक्षरं उरकली. हे आपले ‘टेक’लाच चिकटलेले.

‘टेक’ म्हणजे घेणं, त्यात काय एवढं, असं ज्याला वाटत असेल त्यानं ते टेकरावांसमोर बोलून बघायला हवं होतं. चष्मा कपाळावर चढवून ते सुरू व्हायचे. चहा घेतात, औषध घेतात, इथवर ठीक. पण फोटो आपण काढतो. बस आपण पकडतो. वेळ लागतो, फेरफटका मारतो, एखादं बोलणं मनाला लावून घेतो. आणि परीक्षा? ती आपण देतो आणि इंग्रज म्हणतो, मी घेतली. मग मास्तर काय करतो, ते विचारूच नका. “एका शब्दाच्या मागे इतकी कामं,” ते म्हणायचे, “घरातल्या थोरल्या सुनेच्या मागेसुद्धा नसतात.”

कचेरीची कामाची रीत कडक होती. एका वाक्याला एक कार्ड. वाक्य कुणीतरी खरंच बोललेलं किंवा लिहिलेलं हवं, मनचं चालायचं नाही. कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं अर्थाचा क्रमांक, मध्ये शाईनं वाक्य, खाली तारीख. मागची बाजू मात्र तपासनीस बाईंची. तिथे त्या शेरे मारायच्या आणि कार्ड लिहिणाऱ्यानं ती बाजू उलटून बघायची नाही. पूर्वी एका शेऱ्यावरून दोन शहाणी माणसं हातघाईवर आली होती, तेव्हापासूनचा हा नियम. टेकरावांच्या तो इतका अंगवळणी पडला होता, की घरी आलेलं पत्रसुद्धा ते पुढूनच वाचायचे आणि मजकूर अर्धवट का सोडला म्हणून चिडायचे. मग बायको हसत हसत पान उलटून द्यायची.

बायकोला घशाचं दुखणं झालं. ऑपरेशनमध्ये आवाज गेला आणि मग ती अंथरुणालाच खिळली. टेकरावांनी काम घरी आणायची परवानगी मिळवली. घर दीड खोलीचं. खिडकीशी टेबल आणि टेबलामागे हातभर अंतरावर तिचा पलंग. तिला त्यांनी पाटी आणून दिली. ती लिहायची, पलंगाच्या दांडीवर टकटक करायची, ते वळून वाचायचे. तिचा वेळ जावा म्हणून तिलाही थोडं काम दिलं होतं. लिहून झालेलं कार्ड ते न वळताच हात मागे करून द्यायचे आणि ती ते क्रमांकानं खोक्यात लावायची. क्रमांक पुसट असला तर उशाशी पेन्सिल होती, तिनं तो ठळक करायचा.

शेवटच्या अकरा दिवसांत तिनं पाटीला हात लावला नाही. दुखणं उताराला लागलंय, असं टेकराव धरून चालले. एका दुपारी ती गेली. तेव्हा ते बहात्तराव्या अर्थावर होते.

तिची धाकटी बहीण दोनच गल्ल्या पलीकडे राहायची. ती धावत आली, रडून झाल्यावर तिनं विचारलं, “भाऊजी, शेवटी काही म्हणाली का हो ताई?”

“काही नाही,” टेकराव म्हणाले. “शांत होती. काही मागितलं नाही तिनं.”

हेच त्यांनी पुढे शेजाऱ्यांना सांगितलं, कचेरीत सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. तेवढ्या एका गोष्टीच्या आधारावर माणूस उभा होता, दुसरं काही उरलं नव्हतं त्याच्याकडे.

तीन महिन्यांनी तपासनीस बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. समोर कार्डांची एक चळत उलटी ठेवलेली.

“टेकराव, मागच्या बाजूला लिहायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायचं?”

“मी नाही हो लिहिलं.”

“मग हे काय?” बाईंनी वरचं कार्ड पुढे सरकवलं. टेकरावांनी सवयीनं मान दुसरीकडे वळवली. बाई वैतागल्या. “अहो, बघा म्हणतेय मी!”

त्यांनी बघितलं. शिसपेन्सिलीत, बायकोच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाटी उचलवत नाही.’

बाईंनाही एव्हाना काय ते समजलं असावं. त्यांचा आवाज खाली आला. “अशी एकेचाळीस आहेत. बाकीची मी वाचली नाहीत.”

“मला द्या.”

“कार्ड कचेरीचं असतं, टेकराव. खराब झालं तर फाडायचं.”

या माणसानं नोकरीत कधी जास्तीची पेन्सिल मागितली नव्हती. त्यानं चक्क हात जोडले. शेवटी काय म्हणाली, ते एकदा तरी कळू द्या, म्हणाला. बाई कोऱ्या कार्डांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, “ही घरी न्या, पुढची बाजू तारखेसकट उतरवून आणा. मग ही तुमची.”

रविवारी सकाळी टेकराव टेबलाशी बसले. आधी पुढची बाजू नेमकी उतरवायची, मग कार्ड उलटायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिलं कार्ड अठ्ठावन्न क्रमांकाचं होतं. तारीख बघितली आणि तो दिवस जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. मागून टकटक झाली होती. त्यांनी मान जेमतेम वळवली, तर ती कार्ड पुढे करत होती. त्यांनी ते घेतलं, आपलीच बाजू बघितली आणि म्हणाले, “अठ्ठावन्न. बरोबर आहे, लाव त्यातच.” परत दिलं. तिनं पुन्हा पुढे केलं. “अगं, स्पष्ट लिहिलंय की!” ते खेकसले होते. त्यानंतरही दोनचारदा तिनं अशीच कार्डं पुढे केली होती आणि त्यांनी क्रमांक वाचून परत दिली होती.

‘फेरफटका मारणे’च्या मागे होतं, ‘पाणी.’ त्याच तारखेच्या आणखी एका कार्डामागे पुन्हा ‘पाणी.’ ‘ऊन डोळ्यांवर येतंय.’ ‘कूस बदलून द्या.’ ‘वेळ लागणे’च्या मागे, ‘बसा ना जरा इकडे.’ तीन कार्डांवर, तीन वेगवेगळ्या तारखांना, ‘धाकटीला बोलवा.’ तारखा सगळ्या टेकरावांच्याच हातच्या, सुबक, शाईतल्या. आपण कुठे बसलो होतो आणि कोणत्या वाक्यावर होतो, हे त्यांना एकेका कार्डावरून सांगता आलं असतं. शेवटच्या कार्डामागे नुसत्या रेघा होत्या.

दुपारपर्यंत नक्कल पूर्ण झाली. ‘धाकटीला बोलवा’ची ती तीन कार्डं जाळली असती तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार त्यांच्या मनात आला, हेही खरं. त्यांनी एकेचाळीसच्या एकेचाळीस कार्डं रुमालात बांधली आणि दोन गल्ल्या पलीकडे मेहुणीच्या दारात जाऊन उभे राहिले.

“मी तुला खोटं सांगितलं,” ते म्हणाले. “माहीत नव्हतं, पण खोटंच.”

ती उंबऱ्यातच बसली आणि एकेक कार्ड वाचू लागली. पहिलं ‘धाकटीला बोलवा’ आलं तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला. तिसरं आलं तेव्हा ते उलटून तारीख वाचली. मग वर बघत, जणू त्यांनाच हात देत तिनं विचारलं, “या दिवशी तुम्ही बाहेर गेला असाल ना, भाऊजी?”

“नाही,” टेकराव म्हणाले. “खोलीतच होतो. हे कार्ड तिनं माझ्या हातात दिलं होतं.”