डबा परत नको: लढाईच्या हिवाळ्यात रियाध ते जेद्दा

रियाधला भोंगे वाजायला लागले, आम्ही खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या, आणि माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, कंपनीने सांगितलं की बायकोला जेद्दाला पोचवायचं असेल तर लगेच पोचवून या. मी तासाभरात सामान बांधलं. आखाती युद्धाचा तो जानेवारी. जेद्दाला माझी धाकटी नणंद वंदना होती, त्यामुळे जायचं कुठे हा प्रश्न नव्हता.

आता तिथे बायका स्वतः गाडी चालवतात. तेव्हा शहर सोडायलासुद्धा कफीलाचं, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाचं, पत्र लागायचं. नाक्यावर शिपाई पत्र आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बघायचा आणि "यल्ला" म्हणून सोडायचा. रस्ता उत्तम, पण वाळवंट संपता संपत नाही. पेट्रोल पाण्याहून स्वस्त, म्हणून पाणी घरून न्यावं. खायलाही न्यावं. आम्ही चिवडा नेला होता.

मुक्काम ताइफला केला. गाव उंचावर आहे, शाल हवीच. गुलाबांचा मोसम नव्हता, गुलाबपाणी मात्र भरपूर. बाजारात बुरख्यातल्या एक बाई सतरंजीवर बाटल्या मांडून बसल्या होत्या. त्यांनी मला कॉफी दिली, खजूर दिले. मी चिवडा पुढे केला. तो त्यांनी आवडीने खाल्ला, आणखी मागून घेतला. मग मी भाव कमी करायला सांगितलं. "खलास," त्या म्हणाल्या. पाहुणचार झाला, भाव तोच. मला त्या बाई फार आवडल्या.

ताइफहून खाली उतरणारा घाट वळणावळणाचा, कठड्यांवर माकडं. खाली मक्केच्या अलीकडे बिगरमुस्लिमांसाठी वेगळ्या रस्त्याची पाटी लागते. ती चुकवू नका.

जेद्दात अल अझीझियाला वंदनाचं घर. दार उघडताच पुरणाचा वास आला. रियाध-दम्मामहून आलेली मराठी कुटुंबं नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहत होती, आणि वंदनाने पुरणपोळ्या विकायला काढल्या होत्या. मागणी जोरात. फक्त पैसे कोणी देत नव्हतं. तिच्या स्टीलच्या डब्यातून पोळ्या जायच्या आणि डबा भरून परत यायचा. कधी साखर, कधी बदाम, कधी तिळाच्या वड्या.

"पीठ माझं, तूप माझं आणि वाहवा हिची," तिचा नवरा विनायक जेवताना म्हणाला. "हा महिना संपला की बंद."

वंदना ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. हे बंद पडलं तर ती पुन्हा काही सुरू करणार नाही, हे मला दिसत होतं.

"मागत का नाहीस?" मी स्वयंपाकघरात तिला झापलं.

"वहिनी, भरलेला डबा हातात ठेवतात. त्यावर पैसे कसे मागू?"

तेही खरंच. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं. त्या बायका काही फुकट्या नव्हत्या. त्यांच्या लेखी फेड झाली होती. मी ताइफच्या बाईंची गोष्ट सांगितली.

"त्यांना अरबीत जमतं हो. मला पाटीलकाकूंसमोर मराठीत नाही जमत."

मी बी.कॉम. तिला भाव कागदावर लिहून दाराला चिकटवायला लावला. बायकांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "अक्षर किती सुंदर गं तुझं!"

मग एकदा आम्ही किराणा आणायला गेलो. वंदना अल्युमिनियमच्या पातळ डब्यांच्या चळतीपाशी थांबली ती हलेचना.

"वहिनी, डबा परतच यायचा नसेल तर?"

दुसऱ्या दिवशी पाटीलकाकू आल्या. त्यांनी डबा वरखाली करून पाहिला.

"हा कुठला गं?"

"टाकून द्यायचा, काकू. परत नको."

घासायचा नाही, भरायचा नाही. काकू दारात घुटमळल्या. मग पर्स उघडली.

"मग... किती झाले?"

वंदनाने आकडा सांगितला. आवाज कापला. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगताना कापला नाही. पंधरवड्यात ती घासाघीसही परतवायला शिकली. "आपल्यातच काय गं, कमी कर," कोणी म्हटलं की ही म्हणे, "आपल्यातच म्हणून तर साजूक तूप घालते!" पोळ्या लाटायला तिने शेजारीण ठेवली. डबे आणायला विनायक स्वतः जाऊ लागला. "तुमच्या पगारातून नको हो," ती त्याला दारातून ओरडून सांगायची. महिना संपला. बंद करण्याचं नाव त्याने काढलं नाही.

लढाई थांबली आणि श्रीकांत मला न्यायला आला. निघताना वंदनाने वाटेसाठी पोळ्यांचा डबा हातात दिला. मी तो पिशवीत ठेवला. ती दारातून हलेना.

"वहिनी, किती झाले ते विचारलं नाहीत."

श्रीकांत काहीतरी बोलणार होता. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं, पूर्ण पैसे मोजून दिले, आणि जिना उतरताना हसू आवरेना.

रियाधला पोचलो. काचांवरच्या चिकटपट्ट्या खरवडायच्या होत्या, सगळीकडे धूळ होती. आधी स्वयंपाकघर आवरलं. वंदनाचा डबा धुऊन पुसला आणि सवयीने साखरेची बरणी उघडली. चमचा भरल्यावर आठवलं, हा परत द्यायचा नाहीये. साखर बरणीत टाकली आणि चहा ठेवला.