कोरडा टॉवेल

पडदा सरकतो, दिवे हळूहळू वर येतात, आणि दिसतो तो रंगमंच नव्हे, त्याच्या पाठीमागचा रंगपट. लांबट आरसा, भोवती बल्ब, त्यातले निम्मे गेलेले. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, आणि टॉवेलवर हात ठेवून उभी असलेली एक बुटकी, जाड चष्म्याची बाई. तिचं खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागे. सगळ्या नाटकवाल्यांची ती पावडरताई.

राजा असो की भालदार, तिच्या खुर्चीत बसायचं तर आधी तोंड धुऊन यायचं. मग ती टॉवेलनं असं खसाखसा पुसायची की नट ओरडायचे, "ताई, रंग लावा, साल काढू नका!"

"ओल्या भिंतीला रंग धरतो का रे? गप बस."

खोटं नव्हतं ते. तिनं रंगवलेला चेहरा शेवटच्या अंकापर्यंत घामाला दाद देत नसे.

त्या हातांखाली सगळ्यात जास्त वेळा आला तो तिच्या धाकट्या बहिणीचा चेहरा. धाकटी नायिका, थोरली रंगवणारी. पुढे धाकटीनं संसारापायी काम सोडलं, आणि केस पिकल्यावर पुन्हा बोलावणं आलं: तिचंच जुनं नाटक, एकच प्रयोग, या वेळी आईची भूमिका. धाकटी पोरीसारखी हरखली. तालमी सुरू झाल्या तशी तिची लेक एक इवलीशी बाटली घेऊन रंगपटात आली.

"मावशी, हे हायलुरॉनिक ॲसिड. आईच्या चेहऱ्याला लावत जा."

"ॲसिड? अगं, भूमिका आईची आहे, भुताची नाही!"

"नावाचंच ॲसिड गं. पाणी धरून ठेवतं ते. पण चेहरा ओलसर असतानाच लावायचं, आणि वरून लगेच क्रीम. विसरू नकोस."

"तुझ्या जन्माआधीपासून तोंडं रंगवतेय मी. तू मला शिकव!"

पावडरताई विसरली नाही. तिनं ऐकलंच नव्हतं. प्रत्येक तालमीआधी तिनं सवयीनं धाकटीचं तोंड कोरडं ठणठणीत केलं आणि त्यावर ते थेंब चोळले. क्रीमला फाटा दिला, कारण तेलकटावर रंग घसरतो. त्यात रंगपटातल्या एसीची सुकी हवा. पाणी धरणाऱ्याला धरायला पाणीच नाही, मग त्यानं कातडीतलंच ओढून घेतलं.

"ताई, गाल ताणल्यासारखे वाटतायत गं."

"मुरतंय ते." आणि वर आणखी थेंब.

प्रयोगाच्या दिवशी रंग चढला. धाकटी आरशात पाहून हसली, आणि ओठांच्या कडेला, डोळ्यांखाली पोपडे सुटले. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. बाहेर दुसरी घंटा झाली.

"ताई, काय करून ठेवलंस हे?"

जन्मभर ज्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्यावर सख्ख्या बहिणीनं ठेवलं. पावडरताईच्या तोंडून निघून गेलं, "रंग नाही फुटला बाई. वय फुटलं तुझं."

धाकटी उठली, तोंडावर पदर घेतला आणि मागच्या दारानं निघून गेली. तिची भूमिका दुसरीनं हातात संहिता धरून कशीबशी ओढली. त्यानंतर धाकटी ना रंगपटात आली, ना थोरलीच्या दारात. पावडरताई मात्र भेटेल त्याला सांगत राहिली, बाटलीच भिकार होती म्हणून.

बाटली तिनं टाकली नव्हती, एवढंच. काही महिन्यांनी एका संध्याकाळी ब्रश धुता धुता साबणानं हात चरचरले, तेव्हा वाया कशाला घालवायचं म्हणून उरलेले थेंब तिनं तशाच ओल्या हातांवर ओतले. वर क्रीम थापलं नि झोपली. सकाळी हात मऊ! एका हातानं दुसरा चाचपत ती पलंगाच्या काठावर बसून राहिली. बाटलीचा दोष नव्हता. वयाचाही नव्हता.

नवी बाटली घेऊन ती धाकटीच्या दारात उभी राहिली.

"काय, आणखी कुठे फुटलंय का बघायला आलीस?"

"तोंड धू आणि बस."

"ताई, तू जा."

"वय नव्हतं गं फुटलं. पोरीनं ओल्यावर लाव म्हणून सांगितलं होतं. मी कोरडं केलं. माझं चुकलं."

धाकटी मग नळाखाली तोंड धरून आली आणि न पुसताच खुर्चीत बसली. पावडरताईनं थोडे थेंब तळव्यावर घेतले, चोळले नाहीत, नुसते गालांवर दाबले. पाणी सुकायच्या आत क्रीम लावलं. मग आरसा समोर धरला.

"चेहरा छान झालाय," धाकटी म्हणाली. "आता कुणाला दाखवू, ताई?"

आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. पावडरताईचा हात सवयीनं खांद्यावरच्या टॉवेलकडे गेला, आणि अर्ध्यावरच थांबला.

"राहू दे," ती म्हणाली. "ओलंच राहू दे."