सगळ्यांना सारखंच

अमेरिकेतल्या अल्फारेटात आमच्या शेजारी राहणारे काका ऑनलाइन पोकरच्या एका साइटला खेळाडू मिळवून द्यायचे. खेळाडूंकडून मिळणाऱ्या पैशातून साइट त्यांना कमिशन द्यायची आणि त्यातला काही भाग ते खेळाडूंना परत करायचे. तो भाग सगळ्या एजंटांनी सारखाच ठेवायचा, असा साइटचा नियम होता. बाकीचे गुपचूप जास्त देत. काका देत नसत.

ते मूळचे नागपूरचे. फोन आला की अनवाणीच बॅकयार्डात जायचे आणि "बोला बाप्पा!" अशी मोठ्यांदा सुरुवात करायचे. कामाचं दोन मिनिटांत संपायचं, मग घरच्या गप्पा. हळूहळू खेळाडू दुसरीकडे गेले, तसे फोनही कमी झाले. तरी काका फोन सतत जवळ ठेवायचे.

एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो असताना डॅलसच्या एका जुन्या मराठी खेळाडूचा फोन आला. काकांनी घाईघाईने स्पीकर ऑन केला.

"काका, थोडं जास्त परत द्या ना. दुसरा एजंट देतोय."

"तुला चोरून दिलं, तर बाकीच्यांना मी फसवल्यासारखं होईल बेटा."

"मग मी तिकडे स्विच करतो. सॉरी काका."

"कर ना, त्यात काय! पण अधूनमधून फोन करत जा."

तोवर फोन कट झाला होता. काका हातातल्या फोनकडे बघत राहिले.

"त्याला मुलगी झालीये," ते मला म्हणाले. "नाव काय ठेवलं, ते विचारायचंच राहिलं."