पाठ टेकल्यावरची झुंज

नातीचं बॉक्सिंग मला कळायला एक वर्ष लागलं. कळलं कुठं तोच ती म्हणाली, आता मी पिंजऱ्यातल्या खेळात जाणार. मिक्स मार्शल आर्ट म्हणतात त्याला. तिनं मोबाईलवर दाखवलं. एक बाई दुसरीच्या छातीवर बसलेली, अन् खालचीच्या तोंडावर ठोसे चाललेले. मी मेथी निवडत होते, काडी हातातच राहिली.

"ही पडलीया न्हवं? मग कावून मारती तिला?"

"आज्जी, ह्याच्यात पडल्यावर बी चालूच राहतंय."

"अन् पोलीस धरत न्हाईत?"

ती हसून लोळायची बाकी राहिली. मला काही हसू येईना.

लेक आणि सून सहा महिने ऊसतोडीला असतात, म्हणून ही पोर चौसाळ्याला माझ्यापाशीच वाढली. लेकाला फोन लावला तर तो फडातून ओरडून म्हणाला, "आई, तू बघून ये. तू हो म्हणलीस तर हो, न्हाई तर न्हाई." झालं, म्हणजे उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर माझ्या शब्दानं.

आता माझं माप म्हणजे जत्रेतली कुस्ती. लहानपणी भावांच्या मागं उभी राहून बघायची मी. पाठ मातीला लागली की खेळ संपला. हलगी वाजते, माणसं आत घुसतात, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात, आणि हरलेला अंगाची माती झटकत उठतो. पाठ लागलेल्यावर कुणी हात टाकत नाही, टाकला तर गावच त्याला धरील. बॉक्सिंगही मी ह्याच मापानं पचवलं होतं. एक पडली की दुसरीला कोपऱ्यात पाठवतात, पंच बोटं दाखवत मोजतो. तेवढी रीत आहे त्यात.

पण खरं सांगू का, त्या मोजण्यानंच मला आधी भ्या दाखवलं होतं. मागल्या साली बीडला ही पडली. पंचानं आठपर्यंत मोजलं, ही उठली. पुन्हा पडली, पुन्हा उठली. तिचे सर रुमाल टाकून खेळ थांबवणार होते, हिनं त्यांच्याकडं बघून मान हलवली, आणि त्यांनी टाकला नाही. घरी आल्यावर तीन दिवस डोक्याला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत बसली. शेळी कधी व्याली हे तिला आठवेना, तिनंच तर पिल्लू हातात धरलं होतं. मी दवाखान्यात नेलं, डॉक्टर रागावले. पण हिच्या तोंडून बास हा शब्द कधी निघायचाच नाही. लहानपणी विंचू चावला तेव्हाही दात दाबून बसलेली ही.

आता तर ती हा नवा खेळ शिकायलाही लागली होती, पहिली झुंज ठरली होती. तर ह्या पोरीला पिंजऱ्यात राहू द्यायचं का, हे बघायला मी एसटीनं बीडला गेले.

खेळ होता मंगल कार्यालयात. ह्याच ठिकाणी माझ्या भाचीचं लग्न लागलं होतं. नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथं जाळीचा पिंजरा, आणि बोटं उघडी राहतील असले हातमोजे घातलेली माझी नात आत. समोरची पोर पाटोद्याकडची, हिच्याहून रुंद.

थोडा वेळ दोघी उभ्या खेळल्या, ते मला ओळखीचं होतं. मग त्या पोरीनं वाकून हिच्या दोन्ही मांड्या धरल्या आणि उचलून आपटली. पाठ धाडकन लागली.

हरली, एवढंच माझ्या मनात आलं. मी पदर खोचला, भाकरीची पिशवी उचलली आणि तिला उठवायला गॅलरीच्या पायऱ्या उतरायला लागले.

"ओ आज्जी, खाली बसा की," मागून एक जण ओरडला.

"आरं पाठ लागली पोरीची."

"लागू द्या. खेळ तर आता सुरू झालाय."

मी वळून बघितलं तर ती पोर माझ्या नातीच्या छातीवर. एक ठोसा, दुसरा, तिसरा. पंच जवळ वाकून बघतोय, पण हात घालत नाही. मी पायरीवरच बसले. इतकी माणसं आणि एकही आत घुसत नाही, हे मला काही केल्या समजेना. जाळीला कुलूप असतं असंच मला वाटलं.

मग त्या पोरीनं हिचा हात धरून उलटा ताणला. हिचं तोंड आवळलं. मला विंचवाचा दिवस आठवला. आता ही हात मोडून घेईल पण बोलायची नाही, असं माझं मन सांगत होतं.

तिनं दुसऱ्या हातानं त्या पोरीच्या पाठीवर थोपटलं. दोनदा, तीनदा, लेकराला निजवताना थोपटावं तसं. आणि ती पोर जागच्या जागी सुटी झाली. पंच मधे आला. दोघी उठून एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "ते थोपटलंस कावून?"

"बास म्हणायचं असतंय तसं. हरले मी."

"तू म्हणलीस? तुझ्या तोंडानं?"

"हातानं म्हणले. इथल्या सरांनी पहिल्या दिवशी तेच शिकवलं. ते येईस्तोवर दुसरं काय शिकवत न्हाईत."

मार बघून जेवढी हबकले नव्हते तेवढी ह्यानं हबकले. बॉक्सिंगमधी हिला पंच मोजत होता, सर बघत होते, लोक ओरडत होते, आणि प्रत्येक वेळी ही उठत गेली. इथं रीत कुठली दिसत नव्हती, पण थांबायचं हिच्या हातात दिलं होतं, आणि हिनं थांबवलं.

परतीच्या एसटीत तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं. गाल सुजला होता. बाकी नीट होती. शेळी कधी व्याली विचारलं, तर तारखेसकट सांगितली. माझा हात आपसूक तिच्या पाठीवर पडत राहिला.

डोळे मिटूनच म्हणाली, "आज्जी, थोपटायलीस. हरलीस का?"

"व्हय बाई, हरले," मी म्हणाले. "लाव तुझ्या बापाला फोन."